नवे भिंग आणि जुना तिरळेपणा

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाच्या चिटणीसांनी ‘डोळ्यांविषयी काही सांगा’ अशी आज्ञा आम्हांस केली, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा मोतीबिंदू असावा. परंतु मोतीबिंदूविषयी ह्या सभेस नवे काही सांगावे असे फारसे उरलेले नाही. पुढच्या रांगांत बसलेल्या वडीलधाऱ्या मंडळींपैकी निम्म्याहून अधिकांच्या डोळ्यांत कृत्रिम भिंग आहे, आणि त्या शस्त्रक्रियेची हकीकत ती मंडळी आमच्याहून अधिक रंगवून सांगू शकतील. म्हणून आम्ही आज बोलणार आहोत ते ह्या शस्त्रक्रियेनंतर क्वचित् उद्भवणाऱ्या एका विचित्र अडचणीविषयी. भिंग उत्तम बसते, जखम भरून येते, तक्त्यावरील शेवटची ओळ घडाघडा वाचता येते; आणि तरीही रोगी घरी येऊन सांगतो की, आपणांस दाराला दोन कड्या दिसतात, जिन्याच्या पायऱ्या एकीवर एक चढलेल्या दिसतात. प्रत्येक डोळा पाहतो उत्तम, पण दोघांची जोडी जमत नाही.

हा विषय निवडण्यास आणखी एक कारण आहे. भिंग बसविणे ही गोष्ट आता केवळ साठीनंतरची राहिलेली नाही. ज्यांस मोतीबिंदू नाही, पण उणे आठ-दहा नंबरचा चष्मा आहे, अशा तरुण मुलामुलींच्या डोळ्यांत त्यांचे नैसर्गिक भिंग तसेच ठेवून त्याच्या पुढे दुसरे एक पातळ भिंग बसविता येते. अमेरिकेतील सरकारी खात्याने अशा प्रकारच्या भिंगांस २००४ व २००५ साली संमती दिली, आणि आपल्याकडेही ही शस्त्रक्रिया आता रूढ झाली आहे. नंबर स्थिर झाल्यावर, म्हणजे साधारण एकविसाव्या वर्षानंतर ती करितात. आपल्या समाजात एकविसावे वर्ष उलटले म्हणजे घरात दुसऱ्याच एका गोष्टीची बोलणी सुरू होतात, हे सांगणे नलगे. त्या बोलण्यांचा आणि आमच्या विषयाचा संबंध पुढे येईल.

प्रथम थोडे मागे जाऊ. आपल्या आजीच्या नाकावरचा जाड, बशीसारखा फुगीर चष्मा कित्येकांस आठवत असेल. मोतीबिंदू काढला की डोळ्यातले भिंगच नाहीसे होई, आणि त्याची उणीव अधिक दहाच्या आसपासच्या काचेने भरून काढावी लागे. त्या काचेतून सारे जग सुमारे चौथ्या हिश्शाने मोठे दिसे. दोन्ही डोळ्यांचे ऑपरेशन झाले असेल तर माणूस सवय करून घेई; पण एकाच डोळ्याचे झाले असेल तर एका डोळ्याला मोठी घागर आणि दुसऱ्याला लहान घागर अशी स्थिती होई, आणि मेंदू त्या दोन घागरींची एक घागर करू शकत नसे. म्हणून जुने वैद्य एका डोळ्याने चांगले दिसते आहे तोवर दुसऱ्यास हात लावीत नसत. लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात २९ नोव्हेंबर १९४९ रोजी हॅरल्ड रिडली ह्यांनी डोळ्याच्या आतच प्लॅस्टिकचे भिंग बसविले. युद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या छताच्या ठिकऱ्या शिरल्या असता डोळा त्यांस निमूटपणे सामावून घेतो, असे त्यांनी पाहिले होते. त्यांची सूचना समव्यवसायिकांनी पुष्कळ वर्षे झिडकारली. पुढे ती सर्वमान्य झाली. आपल्या देशात १९९२ साली मदुराईस अशी भिंगे स्वस्तात तयार होऊ लागली, आणि आजीची बशी इतिहासजमा झाली. दोन प्रतिमांच्या आकारातील तफावत ह्या भिंगाने जवळजवळ मिटविली हे त्याचे मोठेच श्रेय होय. पण जोडीच्या सर्वच तक्रारी त्याने मिटल्या नाहीत. काही तर त्याच्यामुळेच उघडकीस आल्या.

प्रत्येक डोळ्यास सहा स्नायू असतात. बारा स्नायूंची ही बैलजोडी मेंदू एका जुवाखाली चालवितो, तेव्हा कोठे दोन डोळ्यांस एक वस्तू एकच दिसते. पुष्कळांच्या डोळ्यांत थोडा बाकडेपणा जन्मतः असतो, पण मेंदू क्षणोक्षणी तो सावरून घेतो आणि मालकास त्याचा पत्ताही नसतो. सात-आठ वर्षांच्या आतील मुलाचा डोळा उघडपणे तिरळा झाला तर मेंदू एक वेगळीच युक्ती योजितो. तिरळ्या डोळ्याकडून येणारे चित्र तो स्वीकारीतच नाही. तो दरवाजाच लावून घेतो. म्हणून तिरळ्या मुलास सहसा दोन-दोन दिसत नाही. ह्याची किंमत अशी की, न वापरलेला डोळा मंद पडतो. त्यास हल्ली ‘आळशी डोळा’ म्हणतात, यद्यपि आळस डोळ्याचा नसून मेंदूने केलेल्या व्यवस्थेचा तो परिणाम असतो. प्रौढपणी मात्र ही युक्ती मेंदूस साधत नाही. चाळिशीनंतर डोळा सरकला की दोन चित्रे दिसणारच.

दोन दिसतात असे वाटल्यास घरच्या घरी एक परीक्षा करावी. एक डोळा तळहाताने झाका. मग तो उघडून दुसरा झाका. कोणताही एक झाकल्यावर दुसरी प्रतिमा नाहीशी होत असेल, तर दोष डोळ्यांच्या जोडीत आहे. एक डोळा झाकूनही उघड्या डोळ्यास वस्तू दुहेरी, किंवा एका प्रतिमेस सावली असल्यासारखी दिसत असेल, तर दोष त्याच डोळ्यात आहे: भिंग किंचित सरकले असेल, भिंगामागचा पडदा धुरकट झाला असेल, किंवा चष्म्याचा नंबर उरला असेल. ह्या दोहोंचे उपाय अगदी निराळे आहेत. डॉक्टरांकडे जाऊन केवळ ‘डबल दिसते’ म्हणण्यापेक्षा हे एक वाक्य अधिक सांगितले तर अर्धे निदान तेथेच होते.

आता जोडी का बिघडते ते पाहू. एक कारण सुईत असते. डोळा बधिर करण्यासाठी औषध खोबणीत टोचतात. ते चुकून स्नायूतच शिरले तर स्नायूस ते विषासारखे बाधते. डोळ्याच्या खालचा किंवा वरचा सरळ स्नायू बहुधा सापडतो. आरंभी तो लुळा पडतो, आणि काही आठवड्यांनी आखडतो. त्यामुळे पहिल्या दिवशी डोळा एका दिशेस झुकलेला आणि दोन महिन्यांनी नेमका उलट दिशेस झुकलेला, असा चमत्कार पाहावयास मिळतो. पट्टी सोडल्याबरोबर एकाखाली एक अशी दोन चित्रे दिसू लागली तर हा संशय घ्यावा. हल्ली पुष्कळ शस्त्रक्रिया केवळ थेंब घालून होतात आणि तेथे हा धोका उरत नाही. परंतु पिकलेला टणक मोतीबिंदू, स्वस्थ न राहणारा रोगी, किंवा शिबिरांतून टाके न घालता हाताने करावयाची शस्त्रक्रिया, येथे टोचलेली भूल अजून लागते, आणि ती द्यावी हेच योग्य असते. सॅन फ्रान्सिस्कोच्या अ‍ॅलन स्कॉट ह्या वैद्यांनी पुढे हेच औषध मुद्दाम स्नायूत टोचून तिरळेपणा दुरुस्त करण्याचा मार्ग २००७ साली पुढे मांडला, हे येथे जाता जाता सांगावेसे वाटते.

दुसरे कारण चष्म्यात असते. समजा, दोन्ही डोळ्यांस उणे आठ नंबर आहे आणि एका डोळ्याचे ऑपरेशन होऊन त्याचा नंबर जवळजवळ नाहीसा झाला. उरलेल्या आठ नंबरच्या काचेच्या मध्यबिंदूतून सरळ पाहिले तर ठीक. पण वाचावयास नजर खाली गेली की ती काच प्रतिमेस सरकविते. हिशेब सोपा आहे: मध्यबिंदूपासून नजर जितके सेंटिमीटर सरकली त्यास नंबराने गुणावे. एक सेंटिमीटर खाली पाहिले तर आठ एकके, म्हणजे एक मीटरवर आठ सेंटिमीटर. वरखालच्या दिशेने मेंदू दोन-तीन एककांपलीकडे सावरू शकत नाही. अशा वेळी डोळ्यांत काहीही बिघाड नसतो. दुसऱ्या डोळ्याचे ऑपरेशन लवकर करणे, किंवा तोवर त्यास कॉन्टॅक्ट लेन्स घालणे, हा त्यावर उपाय. भारी उणे नंबरचा चष्मा जवळ पाहताना डोळ्यांस आत वळण्याचे काही श्रम नकळत वाचवीत असतो, आणि काही चष्म्यांत तर डॉक्टरांनी पूर्वी मुद्दाम लोलक घातलेला असतो. चष्मा गेला की हा आधारही जातो. म्हणून ऑपरेशनपूर्वीच्या तपासणीस जुना चष्मा अवश्य न्यावा. आपल्याकडे लोक दवाखान्यात जाताना चष्मा नवा घालून जातात आणि जुना कपाटात ठेवितात, हे उलटे आहे.

मधुमेहाने डोळ्याची एखादी नस मंदावणे, थायरॉइडच्या विकाराने स्नायू ताठर होणे, ही कारणे आम्ही केवळ उल्लेखून सोडतो. मोतीबिंदूच्या धुक्याआड ती वर्षानुवर्षे लपून राहतात, आणि धुके हटले की दोष शस्त्रक्रियेवर येतो.

परंतु ज्याच्यासाठी आम्ही आज उभे राहिलो ते कारण वेगळेच आहे, आणि ते डॉक्टरांच्या हातात नसून आपल्या घरात आहे. ते म्हणजे लपविलेला जुना तिरळेपणा.

आमच्याकडे एक निवृत्त शिक्षक आले होते. शस्त्रक्रिया दुसरीकडे झालेली, आणि ती निर्दोष होती. वाचण्यास व लांब पाहण्यास, दोहोंस चष्मा नको अशी त्यांची इच्छा. त्यानुसार उजव्या डोळ्यात जवळचे आणि डाव्यात लांबचे भिंग बसविले होते. ही योजना पुष्कळांस उत्तम मानवते. ह्यांस मात्र रस्त्यावर प्रत्येक मोटार दोन दिसू लागली. आम्ही विचारले, लहानपणी डोळा तिरळा होता काय? गृहस्थ गप्प राहिले. मग हळूच म्हणाले, ‘सहाव्या वर्षी ऑपरेशन झाले होते. त्यात काय सांगायचे, पन्नास वर्षे होऊन गेली.’ त्यांच्या शेजारी त्यांच्या पत्नी बसल्या होत्या. पस्तीस वर्षांच्या संसारात ही गोष्ट त्या प्रथमच ऐकत होत्या.

झाले होते ते असे. लहानपणापासून उजवा डोळा पुढारी आणि डावा अनुयायी. उजवा पाहत असता डाव्याचे चित्र मेंदू टाकून देई. ऑपरेशनच्या वेळी उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू अधिक पिकलेला असल्यामुळे तपासणीत डावाच पुढारी भासला, आणि लांबचे काम त्याच्याकडे सोपविले गेले. पण मेंदूची टाकून देण्याची सवय एकाच बाजूची असते. डावा पुढे झाला तेव्हा उजव्याचे चित्र टाकून देणे त्यास ठाऊकच नव्हते. अमेरिकेतील बर्टन कुश्नर ह्यांनी ह्या प्रकाराचे वर्णन १९९५ साली केले, आणि ऑस्ट्रेलियातील लायनेल कोवाल ह्यांच्यासह २००३ साली चष्मा घालविण्याच्या शस्त्रक्रियांनंतरच्या द्विदृष्टीचा विचार केला, तेव्हाही ही अदलाबदल त्यांच्या कारणांत होती. आमच्या शिक्षकांस आम्ही उजव्या डोळ्यास लांबचा नंबर देणारी काच चौकटीत घालून दिली. त्याच क्षणी दोन मोटारींची एक झाली. त्यांस पुन्हा चष्मा आला, ह्याचे त्यांस थोडे वाईट वाटले. पत्नींस कशाचे वाईट वाटले ते आम्ही विचारले नाही.

ही माहिती आधी मिळाली असती तर ऑपरेशनपूर्वी काही दिवस कॉन्टॅक्ट लेन्स घालून हीच योजना अजमावून पाहता आली असती. अशी रंगीत तालीम कोणीही नेत्रवैद्य आनंदाने करितो. पण तिची गरज आहे हे त्यास कळावे कसे? लहानपणी बरा केलेला तिरळेपणा बाहेरून दिसत नाही. आमच्या व्यवसायात एक जुनी रीत आहे: संशय आला की रोग्यास लहानपणापासूनचे फोटो घेऊन यावयास सांगावे. मुंजीच्या, लग्नाच्या, शाळेच्या फोटोंत मान एकाच बाजूस कलती असेल तर डोळ्याच्या एका तिरप्या स्नायूची जन्मजात दुर्बलता ओळखता येते. मान कलती ठेवून मूल दोन चित्रे एक करीत असते, आणि आई म्हणत असते, ‘ह्याला फोटोत सरळ उभे राहताच येत नाही.’ घरोघरी कपाटात पडलेले हे आल्बम म्हणजे वैद्यकीय कागदपत्रेच आहेत.

लपविण्याचे मूळ कोठे आहे हे आपण सर्व जाणतो. मुलाच्या तिरळेपणास काही घरांत भाग्यलक्षण म्हणून हसण्यावारी नेतात, मुलीच्या बाबतीत मात्र ताबडतोब कुजबूज सुरू होते. पट्टी लावावयाची ती शेजारी पाहणार नाहीत अशा वेळी. ऑपरेशन करावयाचे ते मामाच्या गावी. मग तीच मुलगी बावीसाव्या वर्षी उणे नऊचा चष्मा घालविण्यासाठी आईबरोबर नेत्रवैद्याकडे जाते, आणि लहानपणीच्या पट्टीविषयी विचारले असता उत्तर मुलगी देत नाही, आई देते, आणि ते ‘छे, तसे काही नाही’ असे असते. मुलीस कदाचित आठवतही नसते. ज्या डोळ्यांत उद्या भिंग जावयाचे त्यांचा इतिहास त्यांच्या धनिणीस ठाऊक नसावा, हा प्रकार आम्हांस विलक्षण वाटतो.

ह्यात मंडळाचाही थोडा वाटा आहे, आणि अध्यक्षांची क्षमा मागून आम्ही तो बोलून दाखवितो. आपल्या वधूवर सूचक शाखेच्या छापील अर्जात उंची, वर्ण, शिक्षण ह्यांच्या खाली ‘चष्मा आहे / नाही’ असा एक रकाना आहे. (वर्णाच्या रकान्याविषयीही आमचे मत आहे, पण तो आजचा विषय नव्हे.) त्या रकान्यात ‘नाही’ लिहिता यावे एवढ्यासाठी धावपळीने शस्त्रक्रिया करून घेतलेल्या मुली आम्ही पाहिल्या आहेत. शस्त्रक्रिया वाईट नाही. भारी नंबरच्या मुलीस तिने मोठेच सुख लाभते, आणि पुढे बसविलेले भिंग प्रसंगी काढताही येते. पण साखरपुड्याच्या तारखेवर नजर ठेवून ती ठरविली की तपासण्यांस वेळ उरत नाही, रंगीत तालीम होत नाही, आणि खरे बोलण्याची तर भीतीच वाटते. नंबर नाहीसा होतो. दृष्टिपटलाचा अशक्तपणा तसाच राहतो, त्याची दरवर्षी तपासणी लागतेच. तेव्हा ‘नाही’ हे उत्तर वैद्यकदृष्ट्याही पुरते खरे नसते. हा रकाना पुढील वर्षीच्या अर्जातून गाळावा, अशी सूचना आम्ही कार्यकारिणीकडे लेखी दिली आहे. ती मंजूर व्हावी अशी इच्छा आहे. होईलच असा भरवसा नाही.

अडचण उद्भवलीच तर काय करावे, हेही सांगितले पाहिजे. बहुतेक प्रकार बरे होतात. पहिले काही महिने थांबावे, कारण स्नायू आपली अंतिम जागा घेईपर्यंत मोजमाप स्थिर होत नाही. तोवर चष्म्याच्या काचेवर चिकटविण्याचा पातळ प्लॅस्टिकचा लोलक मिळतो. त्याने चित्रे जुळतात. तेही जमत नसेल तर एक काच धूसर करून घ्यावी. मापे स्थिर झाल्यावर थोडा दोष असेल तर कायमचा लोलक काचेतच घालता येतो, आणि अधिक असेल तर स्नायूंची शस्त्रक्रिया करितात. तीत डोळ्याच्या आत जावे लागत नाही. बसविलेले भिंग बदलण्याची पाळी क्वचित येते. दोन दिसत असताना वाहन चालवू नये, आणि जिना उतरताना कठडा धरावा, हे सांगावयास नेत्रवैद्य लागत नाही, तरी सांगतो, कारण पडून मांडीचे हाड मोडलेले रोगी आम्ही पाहिले आहेत.

व्याख्यानानंतर काही प्रश्न आले. पहिल्या डोळ्याच्या वेळी भूल टोचून त्रास झाला, तर दुसरा डोळा तसाच ठेवावा काय, असे एका गृहस्थांनी विचारले. तसे करू नये. झालेली हकीकत आधी सांगावी आणि शक्य असल्यास थेंबांवर शस्त्रक्रिया करण्याची विनंती करावी, असे आम्ही सांगितले. दुसऱ्या एकाने दोन्ही डोळ्यांत दूरचेच भिंग घेणे सुरक्षित काय, असे विचारले. ज्यांस बालपणी तिरळेपणा होता त्यांनी पुढारी डोळ्यास लांबचे काम ठेवावे, एवढा आग्रह धरावा. बाकीच्यांनी आपल्या कामाधंद्यास सोयीचे ते पाहावे.

शेवटचा प्रश्न मागच्या रांगेतील एका आजीबाईंचा होता. नातवाचा डावा डोळा संध्याकाळी दमला म्हणजे आत वळतो, वय साडेतीन, मोठा झाला की आपोआप जाईल ना? आम्ही म्हणालो, चार महिन्यांच्या आतील तान्ह्या मुलाचे डोळे कधीमधी सरकतात ते जाते. साडेतीन वर्षांच्या मुलाचे आपोआप जाईल असे धरून चालू नये. ह्याच महिन्यात दाखवा. चष्मा देतील, कदाचित चांगल्या डोळ्यावर पट्टी लावावयास सांगतील, ती सर्वांसमक्ष लावा. आणि डोळा डावा होता, पट्टी कोणत्या साली लावली, किती महिने लावली, हे त्याच्या जन्मपत्रिकेच्या मागच्या बाजूस लिहून ठेवा. आजीबाईंनी विचारले, पत्रिकेच्या मागेच का? आम्ही म्हणालो, आपल्या घरांत तोच एक कागद साठ वर्षे हरवत नाही.